समुद्राचा चारा कधी उगवतो?

आज बचतीचा हिशोब नाही, कर्जाचा हप्ता नाही. आज आम्ही पाण्याबद्दल बोलणार आहोत. आमच्या बैठकीत हा विषय निघाला तो एका भांडणातून, म्हणून आधी ते भांडणच सांगतो.

आमचा गट रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठचा. बारा जणी. उन्हाळ्यात आम्ही जवळा सुकवून आगोटीला विकतो, आणि पाऊस सरल्यावर भरती-ओहोटी बघून तिसऱ्या, कालवं काढतो. दोन वर्षांपूर्वी आश्विनात एका हॉटेलवाल्याने तिसऱ्यांची मोठी ऑर्डर दिली. पहाटे ओहोटीला आम्ही खाडीत उतरलो, तर मुखाजवळच्या पाण्याला गेरूसारखी तांबूस झाक. वर फेस. आमच्यातल्या एक जाणत्या काकू म्हणाल्या, "आज काढू नका गो, पाणी बिघडलंय." दुसरी म्हणाली, "काकू, आगाऊ पैसे घेतलेत आपण. बिघडलंय म्हणजे काय झालंय ते तरी सांगा." काकूंना ते सांगता येईना, आणि आमच्यातही कुणाला येईना. दोघी तिथेच कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून कडाकडा भांडल्या. शेवटी त्या दिवशी काढल्या नाहीत. ऑर्डर गेली, आगाऊ रक्कम परत करावी लागली, आणि गटात महिनाभर धुसफूस चालली.

काकूंचं बरोबर होतं की चूक? ते शोधायला आम्ही विचारपूस सुरू केली. मत्स्यव्यवसायाच्या कार्यालयात गेलो, कॉलेजात शिकवणाऱ्या एका ताईंना घरी बोलावलं, त्यांनी दिलेलं वाचलं. त्यातून जे समजलं ते आज तुमच्यापुढे मांडतो.

पाण्याला रंग आणतात ते प्लवक. प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे, प्रवाह नेईल तिकडे जाणारे बारीक जीव. पोहतात थोडेफार, पण प्रवाहाविरुद्ध जायची ताकद नाही. यातले काही वनस्पतीसारखे. ऊन आणि पाण्यातली खतं घेऊन स्वतःचं अन्न स्वतः करतात. ते इतके लहान की सुईच्या टोकावर कितीतरी मावतील. काही प्राण्यांसारखे, जे या वनस्पती प्लवकांना खातात. त्यातले बरेचसे खसखशीच्या नाहीतर मोहरीच्या दाण्याएवढे, नीट बघितलं तर डोळ्यांना दिसतात. मासळीची आणि खेकड्यांची अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लंही पहिले काही दिवस यांच्यातच तरंगत असतात. आणि मैत्रिणींनो, आपला जवळाही याच पंगतीतला. फार तर बोटाच्या दोन पेरांएवढी कोलंबी ती. भरतीच्या ओढीबरोबर थवेच्या थवे वाहत येतात, म्हणून तर डोल जाळं ओढावं लागत नाही. प्रवाहाकडे तोंड करून बांधून ठेवलं की जवळा आपणच आत येतो.

रानात गवत, गवतावर गुरं, तसं समुद्रात वनस्पती प्लवक हे गवत. तारली ते थेट गाळून खाते. बांगडा प्लवकांतला पाला आणि किडा दोन्ही खातो. सुरमई बांगडा-तारली खाते. तिसऱ्या, कालवं, शिणाणे एका जागी बसून पाणी आत घेतात, प्लवक गाळून घेतात आणि पाणी सोडून देतात. चहाची गाळणीच म्हणा. ही गाळणी लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरच यायचं आहे. आणखी एक गोष्ट ऐकून आम्ही गप्पच झालो. पृथ्वीवरच्या झाडापानांनी मिळून जेवढा प्राणवायू तयार होतो, जवळजवळ तेवढाच समुद्रातले हे न दिसणारे जीव तयार करतात.

आता गवत जसं बारमाही सारखं नसतं, तसं हेही नसतं. गवताला पाऊस लागतो. प्लवकाला दोन गोष्टी लागतात, ऊन आणि खत. गंमत अशी की समुद्रात या दोघांची गाठ सहज पडत नाही. ऊन असतं वर. खत असतं खाली, कारण जे मरतं ते तळाला जातं आणि तिथेच कुजतं. वरचं पाणी तापलेलं आणि हलकं, खालचं गार आणि जड. डाळीवर तेलाची तर्री तरंगावी तसं एक दुसऱ्यात मिसळत नाही. कुणीतरी ढवळलं तरच खालचं खत वर येतं. आपल्या समुद्रात ते ढवळण्याचं काम वारा करतो, आणि वारा वर्षातून दोनदा दिशा बदलतो. वर्षाचं सगळं गणित त्यावर चालतं.

वैशाखापासून सुरू करू. फाल्गुन ते वैशाख समुद्र शांत. पाणी तापलेलं, वरचं खत संपलेलं, त्यामुळे पाणी निवळ. त्या दिवसांत कधी कधी पाण्यावर पिवळट-तपकिरी पट्टे दिसतात, सुतारकामाचा भुसा सांडावा तसे. आम्हाला ते बोटींचं तेल किंवा कुणीतरी टाकलेली घाण वाटायची. ती घाण नव्हे. ट्रायकोडेस्मियम नावाचा तो जीव आहे, आणि जुने दर्यावर्दी खलाशी त्याला समुद्राचा भुसाच म्हणत. खत नसलेल्या पाण्यात तो कसा काय वाढतो? तर आपल्या तूर-मुगाच्या मुळांवरच्या गाठी जसं हवेतलं नत्र धरतात, तसं हाही धरतो. म्हणजे उपाशी पाण्यात हा स्वतःचं खत स्वतः करतो. गोवा, कारवार, मंगळूर आणि आपल्याकडेही मार्च ते मे या काळात तो दिसतो. तो मरून कुजला की मात्र वास सुटतो.

मग ज्येष्ठ लागतो. नद्या गढूळ होऊन खाडीत येतात, डोंगरावरची माती, पालापाचोळा, शेतातलं शेणखत आणि युरिया घेऊन. खाडीचं पाणी जवळजवळ गोडं होतं, आणि खारवट पाण्यातले बरेच जीव मुखाकडे सरकतात किंवा मरतात. खत भरपूर, पण आभाळ भरलेलं आणि पाणी गढूळ, ऊन कुठून मिळणार? म्हणून खाडीत ऐन पावसात वाढ थोडी.

बाहेर समुद्रात मात्र वेगळं चाललेलं असतं. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यालगत वारा उत्तरेकडून दक्षिणेकडे असा किनारा धरून वाहू लागतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे आपल्या अर्ध्या गोलावर वाऱ्याने ढकललेलं पाणी सरळ न जाता उजवीकडे वळतं. दक्षिणेकडे तोंड करून उभ्या राहा आणि उजवा हात पसरा. हात समुद्राकडे जाईल. म्हणजे वरचं पाणी किनारा सोडून बाहेर सरकतं आणि त्याची जागा घ्यायला तळचं गार, खतवालं पाणी वर चढतं. हे केरळ आणि कर्नाटकात सगळ्यात जोरात, गोव्यापर्यंत येता येता कमी, आपल्याकडे आणखी कमी. केरळात तारली एवढी का, याचं उत्तर यातच आहे. जेम्स हॉर्नेल नावाचे मद्रास सरकारचे मत्स्य अधिकारी होते. त्यांनी शंभर वर्षांपूर्वी मलबारच्या तारलीचा अभ्यास केला, तेव्हा तारलीच्या पोटातले आणि पाण्यातले प्लवकही सोबतच तपासले होते. तारली कधी येते हे समजायला ती काय खाते ते बघावं लागतं, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं.

या गार पाण्यात सगळ्यात आधी उठतात ते डायटम. काचेची डबी असावी तसं त्यांचं कवच असतं, वाळूत जे द्रव्य असतं त्याचंच बनलेलं. एकाचे दोन, दोनाचे चार. सगळं जुळून आलं तर दिवसाला दुप्पट. आंबोळीचं पीठ उबेला ठेवलं की सकाळी झाकण वर उचललेलं असतं ना, तसं. मग त्यांच्यामागून त्यांना खाणारे प्राणी प्लवक वाढतात, आणि त्यांच्यामागून मासळीची पिल्लं. आपल्याकडची बरीच मासळी पावसाळ्याच्या सुमारास अंडी घालते. पिल्लाचा जबडा एवढासा, त्याला प्लवकाशिवाय दुसरं खाता येत नाही, म्हणून ज्या वेळी ताट वाढलेलं असतं त्याच वेळी जन्माला यायचं. जून-जुलैत यांत्रिक बोटींना बंदी असते ती नुसती वादळासाठी नाही. घरात धनी दोन महिने रिकामे बसतात तेव्हा आपल्याला ती बंदी नकोशी वाटते, आणि ते चूक आहे असं आम्ही म्हणणार नाही, कारण चूल आपल्यालाच पेटवायची असते. पण खाली काय चाललंय हे कळल्यावर आमच्या गटात बंदीबद्दलचं बोलणं थोडं बदललं, एवढं खरं.

नारळी पौर्णिमा होते, होड्या पाण्यात जातात. भाद्रपद-आश्विनात ऊन परत येतं, आणि पाण्यात खत अजून शिल्लक असतं. खाडीत आणि किनाऱ्यालगत वाढीचा हा मोठा हंगाम. पण याच दिवसांत एक अडचणही उभी राहते. पावसाचं गोडं पाणी हलकं, ते समुद्रावर झाकणासारखं पसरलेलं असतं. झाकणाखालच्या पाण्याला हवा लागत नाही. वरून मेलेले प्लवक तिथे पडतात, कुजतात आणि कुजताना खालचा प्राणवायू संपवून टाकतात. गोव्याच्या दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९९९ साली पाऊस सरताना किनाऱ्याजवळचं पाणी तपासलं. तळाजवळ प्राणवायू नाहीच, उलट सडक्या अंड्यासारखा वास येणारा वायू मिळाला. अशा पाण्यातून मासळी जीव घेऊन पळते. कधी वरच्या थरात आणि काठाला दाटी करते, जाळं एका खेपेत भरतं आणि सगळ्यांना आनंद होतो. पुढचे आठ दिवस मात्र रिकामे. कार्तिकाच्या सुमारास वारा आणि प्रवाह फिरले की पाणी पुन्हा सुधारतं.

आता आमच्या तांबड्या पाण्याकडे येतो. डायटम उतरणीला लागले की दुसऱ्या जातीचे प्लवक डोकं वर काढतात. त्यांना शेपटीसारखे दोन बारीक धागे असतात आणि त्यांच्या जोरावर ते थोडंफार वरखाली करतात. त्यांची गर्दी झाली की पाणी तांबूस, तपकिरी, कधी हिरवं दिसतं. यातले बहुतेक निरुपद्रवी. पण काही मोजक्या जाती विष तयार करतात. त्या विषाने तिसरीला काही होत नाही. ती गाळणी आहे, तिच्यात ते नुसतं साठत जातं. बाधा होते ती खाणाऱ्याला.

हे आपल्या देशात घडलेलं आहे. मंगळूरजवळ कुंबळेच्या खाडीतल्या शिंपल्या खाऊन १९८३ मध्ये एक मूल दगावलं, बरेच जण आजारी पडले. केरळात तिरुवनंतपुरमजवळ विळिंजम इथे १९९७ साली शिणाणे खाऊन सात जण गेले आणि शेकडो लोकांना दवाखान्यात न्यावं लागलं. समुद्रावरच जगणारी माणसं होती ती, शिणाणे त्यांच्या रोजच्या जेवणातले.

हे विष शिजवून जात नाही. उकळून, तळून, कोकम घालून, लिंबू पिळून, कशानेही नाही. वास येत नाही, चव बदलत नाही. रात्रभर स्वच्छ पाण्यात ठेवल्याने तिसरीतली वाळू निघते, विष नाही. खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून काही तासांत ओठ, जीभ, बोटांची टोकं यांना मुंग्या येतात, मग बधिरपणा, चालताना झोक जाणं, बोलणं अडखळणं, आणि वाढलं तर श्वास लागणं. उतारा म्हणून औषध नाही. श्वास चालू ठेवणं हाच उपचार, आणि तो मोठ्या दवाखान्यातच होतो. तेव्हा मुंग्या आल्या की घरगुती काही करत बसू नका, १०८ ला फोन लावा आणि डॉक्टरांना आधी सांगा की शिंपल्या खाल्ल्या होत्या. तेवढं वाक्य विसरलं तर ते दुसरंच काही शोधत बसतात.

मग तांबडं पाणी दिसलं की विष समजायचं का? नाही. आणि पाणी निवळ दिसलं म्हणजे निर्धास्त व्हायचं का? तेही नाही, थोड्या संख्येनेही काही जाती पुरेशा असतात. डोळ्यांनी खात्री होत नाही, ती प्रयोगशाळेतच होते. म्हणून आम्ही गटात ठराव केला. पाण्याचा रंग बदलला, फेस-वास आला, किंवा मासळी मरून काठाला लागली, तर तिसऱ्या-कालवं काढणं बंद. पाणी निवळल्यावरही दोन-तीन आठवडे थांबायचं. परवाना अधिकाऱ्यांना फोन करायचा आणि पाणी तपासायला न्या म्हणून पाठपुरावा करायचा. ते लगेच येतात असं आम्ही म्हणत नाही. आणि यापुढे ऑर्डर घेतानाच सांगायचं की पाणी बिघडलं तर माल मिळणार नाही, आगाऊ रक्कम बँकेत वेगळी राहील. काकूंना पाण्यातलं नाव माहीत नव्हतं, पण त्यांच्या सासूने त्यांना कधीतरी थांबवलं होतं. आम्ही त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माफी राहू दे, पुढच्या वेळी आधी चहा द्या आणि मग भांडा."

थंडीचं राहिलंच. मार्गशीर्ष-पौषात उत्तरेकडून कोरडा गार वारा येतो. गुजरात आणि त्याच्या वरच्या समुद्रात वरचं पाणी थंड होऊन जड होतं, खाली बुडतं आणि खालचं खतवालं पाणी वर येतं. म्हणजे तिकडे थंडीत दुसरा हंगाम लागतो. साधारण त्याच सुमारास आपल्याकडे कधीकधी रात्री पाणी पेटतं. वल्हं मारलं की निळा उजेड, लाट फुटली की निळी रेघ. २०२० च्या नोव्हेंबरात मुंबईच्या जुहूला ते बघायला लोकांनी गर्दी केली होती. काहींना ती दैवी गोष्ट वाटते, काही फॉस्फरस म्हणतात. तो जीव आहे, नॉक्टिलुका. साबुदाण्याच्या बारीक कणीएवढा, पारदर्शक. त्याला धक्का लागला की अंगातल्या रसायनाने काजव्यासारखा चमकतो. दिसायला सुंदर, पण तो डायटम खातो, मासळीची अंडीही खातो. फार झाला की पाण्यात अमोनिया सोडतो आणि मासळी ती जागा टाळते. अरबी समुद्राच्या उत्तर भागात याची हिरवी जात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत फार वाढली आहे. जोआकिम गोएस आणि हेल्गा गोम्स या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये लिहिलं की पाण्यातला प्राणवायू कमी होतोय, हे त्याचं कारण. सगळ्या शास्त्रज्ञांना ते पटलेलं नाही, वाद चालू आहे. आम्हाला एवढंच कळतं की जवळा, तारली सोडून समुद्र जर दुसऱ्याच कुणाला पोसायला लागला, तर आमच्या अंगणात वाळायला काय येणार? नॉक्टिलुका खाऊन जेलीफिशसारखे जीव पोसतात. ते कुणी घेत नाही आठवडी बाजारात.

हैदराबादला इन्कॉइस नावाची सरकारी संस्था आहे. उपग्रहातून समुद्राचा रंग आणि तापमान बघून मासळी कुठे असण्याची शक्यता आहे ते ती मच्छीमारांना कळवते. रंग म्हणजे काय, तर हेच वनस्पती प्लवक. पानात जे हिरवं द्रव्य असतं तेच यांच्यात असतं, आणि वरून ते दिसतं. ढगाळ दिवसांत आणि बंदीच्या काळात ही माहिती येत नाही. तुमच्या घरातल्या बोटीवर हा संदेश येतो का, एकदा विचारून बघा. आमच्याकडे तीन घरांत येत होता आणि बायकांना पत्ताच नव्हता.

आमची स्वतःची युक्ती त्याहून साधी आहे. एक पांढरं ताट, मधोमध भोक, खाली वजनाला दगड, आणि दोरीला हातभर अंतरावर गाठी. होडीतून सरळ पाण्यात सोडायचं आणि कितव्या गाठीला ताट दिसेनासं झालं ते वहीत लिहायचं. सेक्की नावाच्या इटलीतल्या एका पाद्री शास्त्रज्ञांनी १८६५ साली हेच केलं होतं, अजूनही संशोधक अशीच तबकडी वापरतात. गाळाने पाणी गढूळ झालं तरी ताट लवकर दिसेनासं होतं, म्हणून शेजारी पाण्याचा रंग आणि पाऊस किती ते पण लिहायचं. वेळ दुपारची आणि भरती पूर्ण झालेली, दर वेळी तीच. आमच्या वहीत चैत्रात पाच गाठी आहेत. श्रावणात एक गाठसुद्धा पूर्ण नाही. गेल्या आश्विनात तीन होत्या त्या चार दिवसांत दीडवर आल्या, पाणी हिरवट झालं, आम्ही काढणं थांबवलं. या वेळी कुणी भांडलं नाही.

वही आता तिसऱ्या वर्षात आहे. जवळा कोणत्या पंधरवड्यात किती टोपल्या आला तेही आम्ही त्याच वहीत, उजव्या पानावर लिहितो. दोन पानांचा मेळ लागतो का ते सांगायला अजून वेळ आहे, ताई म्हणतात निदान पाच वर्षं लिहा. तुमच्या खाडीवर कुणी असं लिहायला घेतलं तर आम्हाला रेडिओच्या पत्त्यावर कळवा, आपण वह्या ताडून बघू. आमची पुढची नोंद येत्या अमावस्येला आहे. दोरीची दुसरी गाठ सुटली आहे, ती त्याआधी बांधून घ्यायची आहे.